सीडी-१९ : बी-पेशीच्या अंगावरचा साथीदार

सीडी-१९ हे बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आवरणात रुतून बसलेले प्रथिन आहे. ५५६ अमिनो आम्लांची साखळी, तिच्यावर शर्करेच्या रेणूंचा लेप, वजन सुमारे ९५ किलोडाल्टन. त्याचे जनुक सोळाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. साखळीचा एक भाग पेशीबाहेर डोकावतो, एक लहानसा तुकडा आवरणाच्या आरपार जातो आणि उरलेली लांब शेपटी पेशीच्या आत असते. निरोगी माणसाच्या रक्तातल्या दर शंभर लिम्फोसाइटमागे साधारण पाच ते पंधरा पेशींवर हे प्रथिन सापडते. रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात असे शेकडो पृष्ठभाग-रेणू मोजून, क्रमांक देऊन ठेवलेले आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावे प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडत नाहीत. सीडी-१९ मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुग्णांच्या नातेवाइकांच्या तोंडी आले, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले, आणि मुंबईच्या उपनगरात, पवईच्या आवारात, त्याच्यावर नेम धरणारे औषधही तयार झाले.

या प्रसिद्धीमुळे एक गैरसमज पसरतो. ज्या रेणूवर एवढे मोठे औषध बेतले, तो रेणूच रोगाचे मूळ असावा, असे वाचकाला साहजिकच वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. शरीरात सीडी-१९ ची भूमिका दुय्यम आहे, तो दुसऱ्याच्या कामाला जोर देणारा रेणू आहे. वैद्यकात त्याला जे महत्त्व आले ते मुख्यतः तो कोणत्या पेशींवर असतो आणि कोणत्या पेशींवर नसतो यामुळे. तो काय करतो हा एक प्रश्न, तो कुठे असतो हा दुसरा. या क्षेत्राचा निम्मा इतिहास या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांसाठी शोधल्याचा आहे.

आधी काम पाहू. प्रत्येक बी-पेशीच्या पृष्ठभागावर तिचा स्वतःचा प्रतिजन-रिसेप्टर असतो. एखाद्या जंतूचा नेमका तुकडा त्याला चिकटला की पेशीच्या आत संदेश जातो. पेशी वाढते, विभागते आणि पुढे तिच्या वंशातून प्रतिपिंड स्रवणाऱ्या प्लाझ्मा पेशी तयार होतात. अडचण अशी की जंतू थोडे असतील तर हा संदेश फार क्षीण असतो. रक्तात पूरक प्रथिनांची एक मालिका असते. ती जंतूला हेरून त्याच्या अंगावर ‘सी-३-डी’ नावाचे तुकडे डकवते. बी-पेशीवरचा सीडी-२१ हा रेणू हे तुकडे पकडतो. सीडी-२१, सीडी-१९ आणि सीडी-८१ हे तिघे पेशीच्या आवरणात एकमेकांना धरून असतात. त्यामुळे जंतूचा तुकडा प्रतिजन-रिसेप्टरला चिकटलेला आणि त्याच जंतूवरचा सी-३-डी सीडी-२१ ने धरलेला, अशी स्थिती आली की सीडी-१९ आपोआप रिसेप्टरच्या शेजारी ओढला जातो. त्याच्या आतल्या शेपटीत टायरोसिन या अमिनो आम्लाच्या नऊ जागा आहेत. त्यांवर फॉस्फेट बसते, तिथे पीआय-३-कायनेझसारखी विकरे येऊन गोळा होतात आणि मूळचा क्षीण संदेश अनेक पटींनी बळावतो. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलून मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवावी, तसे हे काम आहे. शाहीर नसेल तर झीलकऱ्यांना गाण्यासारखे काही नाही; झीलकरी नसतील तर गाणे होते, पण पहिल्या दोन रांगांपुरते.

ही वाढ किती मोठी असते याचा मोजून दिलेला पुरावा १९९६ साली डग्लस फिअरन यांच्या गटाने प्रसिद्ध केला. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाला त्यांनी सी-३-डीच्या प्रती जोडल्या आणि ते उंदरांना टोचले. दोन प्रती जोडल्या तेव्हा प्रतिसाद मिळवायला लागणारी मात्रा सुमारे हजार पटींनी घटली, तीन प्रती जोडल्या तेव्हा दहा हजार पटींनी. लसशास्त्रात या प्रयोगाचा उल्लेख आजही होतो. सीडी-१९ ला रिसेप्टर म्हणण्याची रूढी असली तरी त्याचा स्वतःचा असा जोडीदार रेणू अजून कोणी ठामपणे दाखवलेला नाही. म्हणून काटेकोर लेखक त्याला सह-रिसेप्टर म्हणतात, आणि पुढील पानांत शक्य तिथे तोच शब्द आहे.

आता जागा. अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलवर सीडी-१९ नसतो. तिथून निघालेल्या पेशीचा बी-पेशी होण्याचा रस्ता ठरला, पॅक्स-५ हे नियंत्रक प्रथिन कामाला लागले, की तो उमटतो आणि कच्च्या अवस्थेपासून प्रौढ बी-पेशीपर्यंत टिकून राहतो. बी-पेशीची प्लाझ्मा पेशी होताना तो ओसरतो. अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकणाऱ्या बऱ्याच प्लाझ्मा पेशींवर तो अजिबात दिसत नाही. टी-पेशी, लाल पेशी, यकृत, हृदय, मूत्रपिंड यांवर तो नाही. म्हणजे सीडी-१९ असलेल्या सगळ्या पेशी मारल्या तरी नव्या बी-पेशी घडवणारा उगम शाबूत राहतो, आणि जुन्या गोवर-धनुर्वातासारख्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडे बनवणाऱ्या कित्येक पेशीही वाचतात. औषधशास्त्राला इतकी सोयीची वाटणी क्वचित मिळते. तीही पुरती निर्भेळ नाही. मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना लगटून असलेल्या काही पेशींवर सीडी-१९ असल्याचे २०२० मध्ये दाखवले गेले, आणि सीडी-१९ वरच्या उपचारांत मेंदूवर होणाऱ्या दुष्परिणामांचे एक कारण तिथे असू शकेल असे अनेक संशोधक मानतात.

हे सारे कळायला शंभर वर्षे लागली, आणि त्या शंभर वर्षांचा एक धागा मुंबईतून जातो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. लस घेतलेल्याच्या रक्तात काहीतरी संरक्षक द्रव्य तयार होते एवढे त्या काळी माहीत होते; १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वाताच्या बाबतीत ते दाखवले होते. ते द्रव्य कोणती पेशी बनवते हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. पेशीच्या अंगावर निरनिराळ्या बाजूसाखळ्या असतात, विष त्यांतल्या एखादीला चिकटते आणि पेशी मग त्या साखळ्या मुबलक बनवून रक्तात सोडते, अशी कल्पना पॉल एर्लिख यांनी त्याच सुमारास मांडली. पृष्ठभाग-रिसेप्टर या विचाराचा तो पहिला आराखडा. तपशिलात तो चुकला, दिशेत बरोबर निघाला.

पुढचे टप्पे संथ होते. प्रतिपिंडे प्लाझ्मा पेशी बनवतात हे १९४८ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड फॅग्रेअस यांनी दाखवले. १९५२ मध्ये अमेरिकन डॉक्टर ओग्डेन ब्रुटन यांनी वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नसल्याचे नोंदवले. १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रत्येक पेशीकडे एकच नेमका रिसेप्टर असतो आणि प्रतिजन योग्य पेशीची निवड करून तिचा वंश वाढवतो, हा सिद्धांत मांडला. १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून लिम्फोसाइटचे दोन स्वतंत्र वंश वेगळे काढले. त्यांनाच पुढे बी आणि टी ही नावे पडली. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघी सारख्याच दिसत. त्यांना वेगळे ओळखायचे तर पृष्ठभागावरच्या रेणूंखेरीज दुसरी खूण नव्हती.

पृष्ठभागावरच्या खुणांचे महत्त्व मुंबईने एका वेगळ्या पेशीच्या निमित्ताने आधीच पाहिले होते. १९५२ साली वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा रक्तगट नोंदवला. या लोकांच्या लाल पेशींवर ए, बी तर नव्हतेच, पण इतर सर्वांच्या पेशींवर गृहीत धरलेला ‘एच’ हा पायाभूत प्रतिजनही नव्हता. त्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. लाल पेशी रोगप्रतिकारक पेशी नव्हे, त्यामुळे विषय थोडा बाजूचा आहे. पण एखादी गोष्ट पृष्ठभागावर नसणे हेच निदान ठरू शकते, हा धडा दोन्हींकडे सारखा आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात जी रक्तगट संशोधनाची संस्था उभी राहिली, तिचीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था झाली. जन्मजात प्रतिकारशक्ती-दोषांचे निदान हे तिच्या कामातले मोठे अंग आहे.

खरी मुसंडी १९७५ नंतर. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची युक्ती शोधली. मग जगभरच्या प्रयोगशाळा माणसाच्या पांढऱ्या पेशी उंदरांना टोचून प्रतिपिंडे बनवू लागल्या आणि प्रत्येकीने आपापल्या प्रतिपिंडाला आपापले नाव दिले. गोंधळ इतका वाढला की १९८२ मध्ये पॅरिसला बैठक घेऊन क्रमांक देण्याची पद्धत ठरवावी लागली. सीडी हा उपसर्ग त्या पद्धतीतला. बोस्टनच्या ली नॅडलर यांच्या गटाने १९८३ मध्ये वर्णन केलेल्या ‘बी-४’ या प्रतिजनाच्या वाट्याला एकोणीस क्रमांक आला. नॅडलर यांना त्या वेळी रिसेप्टरच्या कामात रस होता त्यापेक्षा रक्ताच्या कर्करोगाचे प्रकार नीट वेगळे करण्यात अधिक होता. ही सुरुवात ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण सीडी-१९ कडे पाहण्याच्या तीन परंपरांपैकी पहिली तिथून निघते.

ती निदानाची परंपरा. तिच्या दृष्टीने सीडी-१९ ही ओळखीची खूण. फ्लो सायटोमेट्री यंत्रातून लेसरच्या झोतासमोर एकेक पेशी जाते, रंग लावलेली प्रतिपिंडे कुठे चिकटली ते मोजले जाते आणि काही तासांत अहवाल येतो. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्यातली बहुसंख्य प्रकरणे बी-वंशाची असतात आणि त्या पेशींवर सीडी-१९ जवळजवळ नेहमीच असतो. मुंबईतल्या मोठ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत ‘फ्लो’ आज नित्याची झाली आहे. उपचारानंतर शरीरात उरलेल्या मूठभर कर्कपेशी शोधायलाही हीच खूण वापरतात.

दुसरी परंपरा संदेशवहनाची. अमेरिकेत, केंब्रिजमध्ये आणि जर्मनीत काम करणाऱ्यांना तो रेणू पेशीत काय घडवतो हे हवे होते. १९९५ मध्ये सीडी-१९ चे जनुक काढून टाकलेले उंदीर दोन स्वतंत्र गटांनी तयार केले. त्या उंदरांत बी-पेशी होत्या, पण टी-पेशींच्या मदतीने होणारा प्रतिपिंड-प्रतिसाद लुळा पडला होता. उलट, थॉमस टेडर यांच्या गटाने ज्या उंदरांत सीडी-१९ जास्त प्रमाणात घातला, ते स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागले. त्वचा आणि अवयव कडक करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिस या रोगात बी-पेशींवरचा सीडी-१९ सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला. आकडा छोटा वाटतो, पण आवाज वाढवणाऱ्या रेणूत थोडी वाढही पुरेशी असते.

माणसात हा रेणू नसला तर काय होते याचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. तुर्कस्तान आणि कोलंबियातल्या दोन कुटुंबांतले चार रुग्ण. लहानपणापासून वारंवार जंतुसंसर्ग, रक्तात प्रतिपिंडे कमी, लस देऊनही प्रतिसाद कच्चा, आणि तरीही बी-पेशींची संख्या ठीकठाक. सीडी-१९ च्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. २०१० मध्ये आणखी एक रुग्ण सापडला, ज्याचे सीडी-१९ चे जनुक निर्दोष होते, पण सीडी-८१ बिघडल्यामुळे सीडी-१९ पृष्ठभागापर्यंत पोचतच नव्हता. हे तिघे रेणू एकमेकांना धरून असतात असे वर म्हटले, त्याचा माणसातला पुरावा हाच.

या दुर्मीळ रुग्णांचा महाराष्ट्राशी संबंध काय, असा प्रश्न रास्त आहे. दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात असे दोष जवळच्या नात्यातल्या लग्नांत अधिक दिसतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आजही आहे. बालरोगतज्ज्ञाने वारंवार न्यूमोनिया, कानाचे पू, जुलाब अशा तक्रारी घेऊन आलेल्या मुलाच्या घरी आईवडिलांचे आधीचे नाते विचारावे, हा सल्ला त्यामुळे पाठ्यपुस्तकी राहत नाही. प्रयोगशाळेतही एक खाचखळगा आहे. ब्रुटन यांच्या रोगात बी-पेशीच जवळपास नसतात, म्हणून सीडी-१९ ची मोजणी शून्याजवळ येते. सीडी-१९ च्या दोषात बी-पेशी असतात, फक्त खूण नसते, आणि मोजणी तरीही शून्याजवळच येते. सीडी-२० सारखी दुसरी खूण सोबत लावली नाही तर दोन वेगळे आजार एकाच अहवालात मिसळून जातात. असा अहवाल वाचताना घाई करू नये, एवढे एकच वाक्य विद्यार्थ्याने या प्रकरणातून लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

तिसरी परंपरा उपचाराची, आणि आज सगळा प्रकाशझोत तिच्यावर आहे. तिची पूर्वपीठिका शेजारच्या रेणूने घडवली. सीडी-२० वरचे रिटक्सिमॅब हे प्रतिपिंड १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि लिम्फोमाचा उपचार पालटला. भारतात २००७ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची जैवसदृश आवृत्ती बाजारात आणली. बी-पेशी नष्ट झाल्या तरी माणूस जगतो, प्रतिपिंडे बाहेरून देऊन भागवता येते, ही खात्री रिटक्सिमॅबने दिली. सीडी-१९ ही खूण सीडी-२० पेक्षा आधीच्या अवस्थेपासून असते, त्यामुळे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशींवरही ती मिळते. २०१४ मध्ये ब्लिनाटुमोमॅब आले; त्याचे एक टोक सीडी-१९ ला आणि दुसरे टी-पेशीला धरते. पुढे टाफासिटामॅब, विष वाहून नेणारे लॉनकास्टक्सिमॅब, आणि डोळ्यांची नस व मज्जारज्जू यांवर हल्ला करणाऱ्या एका स्वप्रतिरक्षा रोगासाठी इनेबिलिझुमॅब, अशी रांग लागली.

या रांगेत कार-टी वेगळी पडते, कारण तिथे औषध म्हणजे रुग्णाचीच टी-पेशी. प्रतिपिंडाचे नेम धरणारे टोक टी-पेशीच्या संदेश यंत्रणेला जोडण्याची कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये आणि इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांच्याकडे आकाराला आली. पहिल्या पिढीतल्या पेशी शरीरात टिकत नसत. मिशेल सॅडलेन, डारिओ काम्पाना आणि इतरांनी जोडसंदेशाचा भाग घातला तेव्हा त्या टिकू लागल्या. ल्युकेमिया पुन्हा उलटलेल्या एमिली व्हाइटहेड या मुलीला २०१२ मध्ये फिलाडेल्फियात अशा पेशी दिल्या गेल्या. तिला प्रचंड ताप आला, रक्तदाब कोसळला. इंटरल्युकिन-६ वाढल्याचे दिसल्यावर सांधेदुखीसाठी वापरले जाणारे टोसिलिझुमॅब दिले गेले आणि ती वाचली. तो उपाय आज जगभरच्या वॉर्डांत नियम झाला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने पहिली कार-टी मान्य केली. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे तीन कोटी रुपये.

ही किंमत परळला कर्करोगावर उपचार घेणाऱ्या कुटुंबांसमोर ठेवून पाहिली की पुढच्या घटनेचा अर्थ लागतो. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून परळला आहे. विदर्भ-मराठवाड्यापासून बंगाल-बिहारपर्यंतचे रुग्ण तिथे येतात. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कोणी उपनगरातल्या नातेवाइकाच्या एका खोलीत महिनोनमहिने काढतात आणि मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीहून लोकलने केमोथेरपीला जातात. त्यांच्यासाठी तीन कोटींचे औषध असून नसल्यासारखे. विहार आणि पवई या दोन तलावांच्या मध्ये वसलेल्या आयआयटी मुंबईत, जीवशास्त्र व जैवअभियांत्रिकी विभागातले राहुल पुरवार आणि त्यांचे विद्यार्थी २०१३ नंतर याच प्रश्नाला भिडले. टाटा मेमोरियलचे हसमुख जैन आणि गौरव नरुला त्यांच्या जोडीला आले. २०१८ मध्ये संस्थेतूनच इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रातील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या.

परदेशातल्या बहुतेक कार-टी पेशींचे नेमाचे टोक अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमध्ये बनलेल्या ‘एफएमसी-६३’ या उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेले आहे. पवईच्या गटाने हे टोक मानवी प्रतिपिंडासारखे करून घेतले, जेणेकरून शरीराने त्याला परके मानू नये आणि प्रतिक्रिया सौम्य राहावी. जनुक टी-पेशीत पोचवण्यासाठी लागणारा लेन्टिव्हायरस वाहक हा खर्चाचा मोठा भाग असतो. तो इथेच बनवल्याने किंमत उतरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी ‘नेक्सकार-१९’ या नावाने ही उपचारपद्धती पंधरा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी मान्य केली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत तिचे औपचारिक उद्घाटन केले. ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत ६४ रुग्णांचा समावेश आहे, ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, आणि तीव्र स्वरूपाचा मेंदूवरचा दुष्परिणाम दिसला नाही. उद्घाटनाच्या वेळी खर्च चाळीस लाख रुपयांच्या आसपास होता, परदेशी किमतीच्या सुमारे एक दशांश. हे यश मोठे आहे यात शंका नाही. ‘स्वस्त’ हा शब्द मात्र जपून वापरलेला बरा. चाळीस लाखांसाठी उपनगरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला राहते घर विकावे लागते.

आणि प्रतिसाद म्हणजे कायमची सुटका नव्हे. सीडी-१९ हा कर्कपेशीच्या जगण्याला अत्यावश्यक नाही, ही त्याची दुय्यम भूमिका इथे आडवी येते. पेशीला तो टाकून देता येतो. काही रुग्णांत कर्कपेशी जनुकाचा दुसरा एक्सॉन वगळून प्रथिन बनवते; नेमका तो भाग नेमाचा असल्याने टी-पेशीला काहीच सापडत नाही. २०१८ मध्ये नोंदवलेल्या एका विलक्षण प्रकरणात, टी-पेशींसोबत चुकून एका कर्कपेशीतही कार-जनुक शिरले. तिने स्वतःचा सीडी-१९ त्या जनुकाने बनवलेल्या रिसेप्टरखाली झाकून टाकला आणि आजार उलटला. सीडी-२२ किंवा सीडी-२० वर एकाच वेळी दुसरा नेम धरण्याचे प्रयत्न यासाठीच चालू आहेत. निरोगी बी-पेशीही नष्ट होतात हे वेगळेच. त्यांच्या अभावी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून द्यावे लागते, दडलेला हिपॅटायटिस-बी उफाळू शकतो, आणि पावसाळ्यातल्या मुंबईत ताप आलेल्या रुग्णाला तो पेशींच्या प्रतिक्रियेमुळे आला की डेंग्यू-मलेरियामुळे, हे रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला ठरवावे लागते. कार-टीनंतर टी-पेशींचाच कर्करोग झाल्याच्या काही मोजक्या घटनांमुळे अमेरिकी नियंत्रकाने २०२४ मध्ये इशाराही जोडला.

कर्करोगाबाहेरची बातमी मात्र अनपेक्षितपणे चांगली आली. जर्मनीच्या एर्लांगेनमध्ये २०२१ साली ल्युपस या स्वप्रतिरक्षा रोगाच्या वीस वर्षांच्या रुग्णेला सीडी-१९ कार-टी दिली गेली. पुढच्या वर्षी पाच रुग्णांचे, आणि २०२४ मध्ये ल्युपस, स्नायुदाह व सिस्टेमिक स्क्लेरोसिस मिळून पंधरा रुग्णांचे निष्कर्ष आले. सगळ्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली. सुमारे शंभर दिवसांनी बी-पेशी परतल्या, पण त्या नवख्या, जुन्या चुकीच्या आठवणी नसलेल्या होत्या. रुग्ण थोडे आहेत, काळ थोडा आहे. तरीही सांधे आणि मूत्रपिंड गमावत जाणाऱ्या तरुण स्त्रियांच्या ल्युपससारख्या रोगात इतका ठळक परिणाम याआधी क्वचितच दिसला होता, आणि पुढच्या दशकात सीडी-१९ चा बहुतेक वापर ऑन्कोलॉजीऐवजी संधिवात विभागात होऊ लागला तर नवल वाटू नये.

हे पुस्तक याच टप्प्यावर येत आहे. मराठीत कार-टीवर बातम्या भरपूर आल्या. ती ज्या रेणूवर उभी आहे त्याच्याविषयी सलग वाचायला फारसे नव्हते. निदान, संदेशवहन आणि उपचार या तिन्ही परंपरांची माणसे एकमेकांची नियतकालिके कमी वाचतात. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला उपचाराचे तर्कशास्त्र ठाऊक नसते, वॉर्डातल्या डॉक्टरला सी-३-डीचा विसर पडलेला असतो. तिन्ही बाजू एका रेणूभोवती एकत्र मांडणे, हा या पुस्तकाचा हेतू आहे. वाचक म्हणून वैद्यकाचा किंवा जीवशास्त्राचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आहे. ज्यांच्या घरात ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा ल्युपस आहे त्यांनाही, रसायनाचे तपशील ओलांडून, बहुतेक भाग वाचता यावा असा प्रयत्न आहे.

काही मर्यादा मुद्दाम घातल्या आहेत. सीडी-२०, सीडी-२२ आणि मायलोमात वापरला जाणारा बीसीएमए हे रेणू तुलनेपुरतेच येतात. शरीराच्या आतच कार-टी पेशी घडवण्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्यांचा परिचय आहे, भाकीत नाही. पारिभाषिक शब्दांत रुग्णालयात रुळलेली रूपे ठेवली आहेत, कारण अहवालावर वाचकाला तीच दिसणार. किमती आणि मान्यता वेगाने बदलतात, म्हणून अशी प्रत्येक नोंद तिच्या वर्षासह दिली आहे. उपचाराचा निर्णय घेणाऱ्याने चालू आकडे आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.